लवाचा आक्षेप

धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या सारस जोडीचा फोटो मोबाइलवर आला की आमच्याकडच्या वाचकांच्या ग्रुपवर क्रौंचाचा वाद हमखास सुरू होतो. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, त्यामुळे अशा फोटोंना इथं तोटा नसतो. कुणी तरी लिहितं, ज्याच्या वधामुळे वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक बाहेर पडला तो क्रौंच हाच. दुसरा म्हणतो, क्रौंच म्हणजे करकोचा. तिसरा संस्कृत कोशाच्या पानाचा फोटो टाकतो, आणि त्यानं गुंता आणखी वाढतो. कुणाच्या वाचनात ज्युलिया लेस्ली यांचा 1998 चा निबंध आलेला असतो. वाल्मीकींनी त्या पक्ष्याचं डोकं तांबडं सांगितलं आहे, तो जोडीनं राहतो, नर मारला गेल्यावर मादी आक्रोश करते. अशा खुणा जुळवत लेस्लींनी तो सारसच ठरवला होता. मग एरवी गप्प असणारा एखादा शेतकरी लिहितो, "माझ्या बांधीत घरटं असते जी. नर-मादी पाळीपाळीनं बसते अंड्यावर. एक बसलं की दुसरं राखण करते." त्याचं म्हणणं कोणत्याच बाजूचं नसतं. पण तेवढ्यानं सगळे पुन्हा वाल्मीकींकडे वळतात आणि बालकांडातला तो प्रसंग कुणी तरी मुळातून वाचून सांगू लागतं.

हे वाद मला फार मोलाचे वाटतात. पुस्तकांवरच्या औपचारिक बोलण्याची आपल्याकडे चांगली व्यवस्था आहे. संमेलनं भरतात, परिसंवाद होतात, परीक्षणं छापून येतात, विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात. त्या व्यवस्थेत वाचक मात्र श्रोता असतो. तो खुर्चीवर बसतो, टाळ्या वाजवतो, घरी जातो. त्याला त्या पुस्तकाबद्दल काय वाटलं, कुठं अडखळला, कुठं रागावला, हे तो सांगतो ते रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर, राइस मिलच्या ऑफिसात, बालाघाटच्या गाडीची वाट पाहताना फलाटावर, आणि आता मोबाइलवर. पुस्तक ज्या बोलण्यात खऱ्या अर्थानं वापरलं जातं, ते बोलणं हे आहे.

वाचनालयात जाऊन वाचक मोजणाऱ्याला आज वेगळंच चित्र दिसेल. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानावर उभ्या राहिलेल्या कितीतरी वाचनालयांच्या अभ्यासिका पहाटेपासून भरलेल्या असतात. तिथं पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांची तयारी करणारी मुलं-मुली मान खाली घालून बसलेली असतात. कथा-कादंबऱ्यांची कपाटं त्यांच्या पाठीमागे असतात. या मुलांना वाचनाची आवड नाही, असं म्हणण्याची घाई करू नये. त्यांच्यातली एक मुलगी रात्री अकराला, गणिताची उजळणी संपल्यावर, 'कोसला'तल्या पांडुरंगावर तीन परिच्छेद लिहून पाठवते. इतका वेळ आणि इतके पैसे वाया घालवायची मुभा असलेला नायक आपल्याला परका वाटतो, असं तिचं म्हणणं. 1963 साली आलेल्या त्या कादंबरीवर इतकं लिहिलं गेलं आहे. पण हा आक्षेप अभ्यासिकेतल्या खुर्चीवरूनच येऊ शकत होता. त्यावर दोन दिवस वाद झाला. कुणी तिला सांगितलं की पांडुरंगाचं वाया जाणं हाच तर कादंबरीचा विषय. तिनं उत्तर दिलं, विषय कळला, तरीही राग जात नाही. मला तिचं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा अधिक वाचकाचं वाटलं.

आता भवभूतीकडे वळतो, आणि त्याला कारण आहे. गोंदियाहून रायपूरच्या दिशेनं निघालं की गुदमा, मग आमगाव. आमगावजवळ पदमपूर नावाचं गाव आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीचा हा नाटककार आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत स्वतःची ओळख बारकाईनं देतो: विदर्भातलं पद्मपूर, काश्यप गोत्र, उदुंबर घराणं, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. दुर्ग भागात मिळालेल्या वाकाटकांच्या एका अपूर्ण ताम्रपटात पद्मपुराचा उल्लेख आहे. वा. वि. मिराशींनी हे धागे जोडून ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं मांडलं. सगळ्या विद्वानांना ते पटलं असं नाही, पण आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे आणि इथल्या माणसांच्या मनात हा प्रश्न मिटलेला आहे. 'उत्तररामचरिता'तलं दंडकारण्य वाचताना सालेकसा-दरेकसाच्या डोंगररांगा डोळ्यांसमोर येतात, असं इथले वाचक सांगतात. सिद्ध करता येणार नाही अशी ही गोष्ट आहे. तरी ज्या माणसानं ते रान पाहिलं आहे त्याचं वाचन त्या रानातूनच जाणार, आणि त्याला अडवण्यात मला अर्थ दिसत नाही.

भवभूतीला समकालीन वाचकांनी सुख दिलं नसावं. 'मालतीमाधवा'च्या आरंभी तो आपल्या निंदकांना उद्देशून बोलतो. तुमच्यासाठी हा खटाटोप नाही, असं तो सांगतो. काळाला अंत नाही, जग मोठं आहे, माझ्या स्वभावाचा कुणी तरी कधी तरी जन्मेल, त्याच्यासाठी हे आहे. संस्कृत साहित्यात कवींनी स्वतःबद्दल जे काही म्हटलं आहे, त्यात इतकं उघडं दुखणं क्वचितच सापडेल. यशोवर्मा राजाच्या पदरी असलेला हा कवी, ज्याचं नाव पुढे कल्हणानं 'राजतरंगिणी'त नोंदवलं, त्यालाही वाचक मिळाल्याची खात्री नव्हती. पुढच्या रसिकांनी तर त्याला आणि त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या कालिदासाला एकत्र बसवून एक आख्यायिका रचली. कालिदासानं 'उत्तररामचरित' ऐकलं, वाहवा केली, आणि एके ठिकाणी एक अनुस्वार जास्त झाला आहे एवढंच सुचवलं. इतिहास म्हणून ती गोष्ट खोटी आहे. पण ती कुणी रचली असेल, याचा विचार केला की त्या काळचे वाचक दिसू लागतात. दोघांत मोठा कोण यावर भांडणारे, भांडता भांडता एका अनुस्वारापाशी येऊन थांबणारे. एका ओळीत अनुस्वार असावा की नसावा हे ठरवायला ती ओळ पाठ असावी लागते.

भवभूतीनं ज्याची वाट पाहिली तो वाचक कसा असेल? सहसा आपण असं धरतो की तो प्रेमानं वाचेल, कवीशी एकरूप होईल, मान डोलावेल. भवभूतीनं स्वतः एक वाचक रंगवला आहे, आणि तो असा मुळीच नाही. 'उत्तररामचरिता'त सीतेच्या त्यागाला बारा वर्षं होऊन गेल्यावर वाल्मीकींच्या आश्रमात लव भेटतो. त्याला रामायण येतं. चौथ्या अंकात जनक त्याला विचारतो की कथा कुठपर्यंत आली आहे. तो सांगतो, पुढचा भाग रचला गेला आहे, अजून बाहेर आलेला नाही. त्यातला काही अंश गुरूंनी स्वतःच्या हातानं लिहून प्रयोगासाठी भरतमुनींकडे पाठवला आहे, आणि वाटेत पोथीला धोका होऊ नये म्हणून माझा भाऊ धनुष्य घेऊन बरोबर गेला आहे. पोथीला सशस्त्र सोबत! हस्तलिखिताची किंमत सांगणारा इतका नेमका तपशील मला दुसरीकडे आढळला नाही.

आणि पाचव्या अंकात हाच लव, लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू याच्यासमोर उभा राहून, रामाच्या चरित्रावर आक्षेप घेतो. ताटका ही बाई होती, तिला मारलं. खराशी लढताना पावलं मागे घेतली. वालीला मारण्यातलं कौशल्य तर जगाला माहीतच आहे. राम आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे तो ग्रंथातला राम. ग्रंथ त्यानं गुरूकडून मुखोद्गत केला आहे, त्यावर त्याचं प्रेम आहे, आणि ग्रंथात जे जे खटकतं ते त्यातल्या प्रसंगांवर बोट ठेवून तो सांगतो. भवभूतीनं त्याला गप्प केलं नाही, शापही दिला नाही. पुढच्या अंकात राम येतो तेव्हा लव नमस्कार करतो आणि राम त्याला जवळ घेतो. मला वाटतं, ज्याच्यासाठी मी लिहितो असं भवभूती म्हणाला तो हा मुलगा. तो ग्रंथ जाणतो आणि ग्रंथाशी भांडतो. ही दोन लक्षणं एकाच माणसात असली की कवीला आपला वाचक मिळतो. भवभूती स्वतःही वाल्मीकींचा असाच वाचक होता. सीता धरणीत गेली हा शेवट त्यानं घेतला नाही. सातव्या अंकात रामासमोर सीतेच्याच कथेचा प्रयोग होतो, राम हे नाटक आहे हे विसरून कळवळतो, लक्ष्मणाला त्याला भान द्यावं लागतं, आणि अखेरीस सीता त्याला परत मिळते. वाल्मीकींशी इतक्या मोठ्या मतभेदाचं पाऊल त्यांचा कट्टर भक्तच टाकू शकला.

आमच्या जिल्ह्यातल्या रानावर मराठीत जी प्रसिद्ध पुस्तकं आहेत, ती लिहिणारे तिघंही बाहेरून आलेले. माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात येऊन राहिले आणि 'नागझिरा' लिहून गेले. सोलापुरात वाढलेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले, आणि त्यांच्या लेखनाचा मोठा भाग या तलावाभोवती उभा राहिला. पुण्याचे किरण पुरंदरे नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले, त्यातून 'सखा नागझिरा' झालं. दोघं दुष्काळी मुलखातले आणि एक शहरातला. पाण्यानं भरलेलं रान पाहून त्यांची नजर जशी विस्फारली तशी इथं जन्मलेल्याची विस्फारली नसती, हे मी मान्य करतो. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर लहानपण गेलेल्याला तलाव हे लिहिण्यासारखं काही आहे असं लवकर सुचत नाही.

या तीन पुस्तकांवर इथं जे वाद होतात, त्यांची जात मुंबई-पुण्यातल्या वादांपेक्षा वेगळी आहे. तिथला वाचक विचारतो, माडगूळकरांची भाषा किती कमावलेली आहे, चितमपल्लींच्या निवेदनात ललित किती आणि नोंद किती. इथला वाचक हे विचारतोच, पण त्याच्याकडे आणखी एक साधन आहे: तो जाऊन पाहू शकतो. अमुक झाड त्या पाणवठ्यावर नाहीच, असं तो म्हणतो. दुसरा त्याला सांगतो, तेव्हा होतं, माझ्या वडलांनी पाहिलं आहे. एका वनमजुराच्या मुलाचा मुद्दा मला विसरता येत नाही. त्याचं म्हणणं, माडगूळकरांच्या पुस्तकात रान शांत आहे. माझ्या घरी रान म्हणजे रात्रपाळी, वणवा, आणि वडील परत येईपर्यंतची आईची जाग. त्यानं पुस्तक वाईट म्हटलं नाही. दोनदा वाचलं होतं. पुस्तकात आपलं घर नाही एवढंच तो सांगत होता, आणि कोणत्या पानावर ते असू शकलं असतं हेही.

चितमपल्लींच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतलेली आहे, कारण त्यांनी स्वतः इथल्या माणसांकडून शिकल्याचं मोकळेपणानं लिहिलं आहे. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांच्या लेखनातून महाराष्ट्राला माहीत झाले. पक्ष्यांची गावोगावची नावं, ढिवर-कोहळी-गोंडांच्या तोंडची माहिती त्यांनी जमवली; त्यांच्या पक्षिकोशामागे ही सगळी मिळकत आहे. जून 2025 मध्ये ते गेले तेव्हा दिवसभर श्रद्धांजलीचे संदेश फिरत होते, आणि दोन-तीन दिवसांत वाद पेटला. त्यांच्या काही निरीक्षणांना शास्त्रीय आधार किती, असं एका पक्षिनिरीक्षकानं विचारलं. इतक्यात हे विचारावं का, यावर काही जण दुखावले. मला विचारणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटली. लेखक गेल्यावर त्याचं पुस्तक तपासून वाचणं हाच त्याचा सन्मान आहे, आणि ज्यानं प्रश्न केला त्यानं पुस्तकांची नावं आणि प्रसंग दिले होते. शिवाय त्या वादातूनच माझ्यासकट अनेकांनी 'चकवाचांदण' पुन्हा हातात घेतलं.

असे सगळेच वाद होत नाहीत, ही खंत आहे. मोबाइलवर वाद करताना पुस्तक जवळ असण्याची गरज उरलेली नाही. पुलंच्या आणि वपुंच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्यं फिरतात आणि त्या वाक्यांवर मतभेद होतात. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला तेव्हा शिवाजी सावंतांच्या 1979 च्या कादंबरीवर घरोघरी बोललं गेलं. इतक्या लोकांनी एका मराठी कादंबरीचं नाव एकाच वेळी घ्यावं याचा मला आनंदच झाला. पण जे वाद मी वाचले त्यांत कादंबरीतला एखादा प्रसंग फार थोड्या वेळा आला. आली ती जात, पक्ष, कुणाचा अपमान झाला ते. अशा ठिकाणी भांडणाऱ्याच्या हातून काही सुटत नाही, कारण त्यानं काही धरलेलंच नसतं. लव ताटका, खर आणि वाली ही तीन नावं घेतो. ती घेता येत नसतील तर आक्षेपाची फक्त पोकळ आरोळी होते.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि ती मला अडचण कमी आणि संपत्ती जास्त वाटते. गोंदिया शहरात हिंदी वाचणारा मोठा वर्ग आहे, खेड्यांत पोवारी, झाडीबोली, गोंडी आहे. कचारगडच्या यात्रेला जमणाऱ्या माणसाच्या घरी मोतीरावण कंगालींची गोंडी धर्मपरंपरेवरची पुस्तकं असतात, आणि रामायणाच्या वादात तो लिंगोची कथा घेऊन उतरतो, तेव्हा वादाचं मैदानच बदलतं. शुद्ध मराठीत लिहा, असं त्याला कुणी सांगू लागलं की माझा धीर सुटतो. याच लोहमार्गावर पुढे, डोंगरगडनंतर, राजनांदगाव आहे. मराठी घरातले गजानन माधव मुक्तिबोध तिथं 1958 पासून शिकवत होते; ते हिंदीचे मोठे कवी झाले आणि त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीचे. 'एक साहित्यिक की डायरी' या गजानन माधवांच्या पुस्तकात साहित्याविषयीचे अवघड विचार मित्रांशी चाललेल्या बोलण्यातून, वादावादीतून उलगडत जातात. गप्पांतला वाद किती खोल जाऊ शकतो हे ज्यांना पाहायचं आहे त्यांनी ते पुस्तक वाचावं. भाषांच्या या सांध्यावर राहणाऱ्या माणसाला अशा बोलण्याची सवय असतेच.

माझी खरी काळजी मात्र नोंदीची आहे. क्रौंचाचा वाद, अभ्यासिकेतल्या मुलीचा राग, वनमजुराच्या मुलानं दाखवलेली पुस्तकातली रिकामी जागा, हे सगळं आठवड्याभरात दिसेनासं होतं. फोन बदलला की गेलं. मराठीच्या आरंभकाळात असं होऊ दिलं नव्हतं. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्याच्या त्याच्याकडून विचारून गोळा केल्या. परंपरा सांगते की पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि महानुभावांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. आठवणी जुळेनात. तेव्हा एकाची खरी आणि दुसऱ्याची खोटी असा निवाडा न करता त्यांनी प्रत्येकाची वासना, म्हणजे त्याच्या आठवणीतला पाठ, वेगळी जपली: हिराइसेची, परशरामाची, रामेश्वराची. लीळा एक, आठवणी निरनिराळ्या, आणि कोणती कुणाची हे सांगितलेलं. स्वामींचे अनुयायी नीळभट्ट भांडारेकर हे भंडाऱ्याचे, आणि 1 मे 1999 पर्यंत गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता. मतभेद नावानिशी जपण्याची ही रीत आपल्याला घरची आहे.

साताऱ्यातल्या भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, आणि नंतर शासनानं ती योजना वाढवली तेव्हा वेरूळ, पोंभुर्ले, अंकलखोप यांच्याबरोबर नवेगावबांधची निवड केली. कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगितलं जातं त्या तलावाकाठच्या गावात पुस्तकं ठेवायची, वाचणाऱ्यांनी यायचं. कल्पना चांगली आहे. त्यात माझी एक मागणी आहे. रानावरच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक जाड वही बांधून ठेवावी. पुस्तकाचं नाव, पान, तिथं काय म्हटलं आहे, मला काय ठाऊक आहे, आणि ते कुणाच्या आठवणीनं, एवढं तीत लिहावं. ढिवरानं माशांबद्दल लिहावं, वनरक्षकानं पाणवठ्यांबद्दल, म्हातारीनं जावयाला सांगून लिहवून घ्यावं. पोवारीत लिहावं, गोंडीत लिहावं, प्रमाण मराठीची अट नको. एकाच पानावर दोघांचं पटलं नाही तर दोन्ही नोंदी राहू द्याव्यात. आणि शाळेतल्या मुलांना, तुम्हांला अजून काय कळतं, असं म्हणून कुणी त्या वहीपासून दूर करू नये. लव बारा वर्षांचा होता.